आधी जागा, मग पुस्तक: ठाणे-नवी मुंबईकरांनी निसर्गपुस्तकं वाचायची कशी

निसर्गावरची चांगली पुस्तकं सुचवा, असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, राहायला कुठे? कोपरीत राहणाऱ्याला आणि खारघरच्या टेकडीखाली राहणाऱ्याला एकच यादी देण्यात अर्थ नाही. एकाच्या दाराशी खाडी आहे, दुसऱ्याच्या डोक्यावर डोंगर. कादंबरी लोकलच्या चौथ्या सीटवर बसूनही वाचून होते. निसर्गपुस्तकातली निम्मी वाक्यं मात्र बाहेर जाऊन ताडून पाहिल्याशिवाय डोक्यात राहत नाहीत, आणि त्यासाठी ताडोबा गाठायची गरज नसते. आपल्याकडे रिक्षाच्या भाड्यात जंगल आहे, रेल्वेच्या तिकिटात खाडी आहे. म्हणून इथे यादीऐवजी रीत सांगतो. पुस्तकं ओघात येतीलच.

जागा ठरवा, एकच

घरापासून पाऊण तासात पोचता येईल अशी एक जागा निवडा. ठाण्यात येऊर आहे, उपवन आहे, घोडबंदर रोडला ओवळ्याची ओवळेकर वाडी आहे (खास फुलपाखरांसाठी), कोपरी-विटाव्याची खाडी आहे. नवी मुंबईत ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र, नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागा, पारसिकचा डोंगर, खारघरची टेकडी. पनवेलपलीकडे राहणाऱ्यांना कर्नाळा जवळ. जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य गोवा महामार्गाला लागूनच आहे, एसटी अगदी दारात सोडते.

निकष एकच ठेवा: आळस चढलेल्या रविवारीही तिथे जावंसं वाटेल का? जागा नावाजलेली नसली तरी चालते. सोसायटीच्या मागचा पिंपळ माझ्या मते येऊरपेक्षाही सरस, कारण तो रोज दिसतो. पिंपळाला फळं धरली की आठवडाभर तिथे पक्ष्यांची पंगत असते, आणि ती बघायला चप्पल घालून खाली उतरलं की झालं.

पुस्तकांची कामं वेगवेगळी असतात

निसर्गपुस्तक म्हणून दुकानात जे एका फळीवर असतं त्यात प्रत्यक्षात निरनिराळी कामं करणारी पुस्तकं मिसळलेली असतात. काही ओळख पटवणारी. चित्रं, मोजमापं, खुणा, कुठे आणि कधी दिसतं याची नोंद. सालिम अली यांचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' 1941 साली आलं, तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या निघत आहेत. ग्रिमेट आणि इन्स्किप यांचं पॉकेट गाइड त्याहून पुष्कळ जास्त पक्षी दाखवतं. फुलपाखरांसाठी आयझॅक किहिमकर यांचं 'द बुक ऑफ इंडियन बटरफ्लाइज'. ही पुस्तकं सलग वाचायची नसतात, चाळायची असतात, पुन्हा पुन्हा.

काही पुस्तकं सोबत करणारी. दुर्गा भागवत यांचं 'ऋतुचक्र', मारुती चितमपल्ली यांची 'रानवाटा' आणि 'पक्षी जाय दिगंतरा', व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा', डॉ. शरदिनी डहाणूकरांची 'वृक्षगान' आणि 'फुलवा'. ही माणसं जंगलात किंवा झाडाखाली काय बघतात आणि किती वेळ बघत राहतात, ते यांतून कळतं. चितमपल्लींनी उभी नोकरी वनखात्यात काढली. कर्नाळ्याच्या विकासातही त्यांचा हात होता, म्हणजे ते आपल्या भागाला परके नाहीत. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचं काहीच वाचलं नसेल तर 'रानवाटा'पासून सुरुवात करा. लेख सुटे आहेत, ऐरोली ते वाशी एका बैठकीत एखादा होतो. आत्मकथन 'चकवाचांदण' जाडजूड आहे, ते सुट्टीसाठी ठेवा.

आणि काही पुस्तकं वाद घालणारी. रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' (1962) कीटकनाशकांवर, विशेषतः डीडीटीवर तुटून पडलं. माधव गाडगीळांचं 'सह्याचला आणि मी' हे आत्मकथन असलं तरी त्यात सह्याद्रीचं काय करायचं हा वाद आहेच. ही पुस्तकं सगळ्यात शेवटी घ्या. आधी जागा ओळखीची होऊ द्या. ज्या खाडीचा एकही पक्षी आपल्याला नावाने ठाऊक नाही तिच्या प्रदूषणावर तावातावाने बोलणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, आणि त्यांचा उत्साह फार टिकत नाही.

सुरुवातीला ओळख पटवणारं एक आणि सोबत करणारं एक, एवढी दोन पुरेत.

विकत घेण्याआधी तांबटाची परीक्षा

ओळखपुस्तक घेताना मुखपृष्ठावरचा वाघ बघून भुलू नका. आपल्या पूर्ण ओळखीचा एक जीव निवडा आणि तेवढंच पान उघडा. मी तांबट पक्षी निवडतो. जानेवारी सरला की ठाण्यातल्या कुठल्याही वड-पिंपळावरून त्याची 'टुक्-टुक्-टुक्' सुरू होते, तांब्याचं भांडं ठोकल्यासारखी, एका लयीत. आता पानावर बघा. आकार चिमणीपेक्षा थोडा मोठा आणि साळुंकीपेक्षा लहान, असा काही मेळ दिला आहे का? हिरवं अंग, तांबडं कपाळ, पिवळा गळा हे चित्रात नीट उतरलंय का? वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला भोक पाडून घर करतो, हे लिहिलंय का? आवाजाचं वर्णन वाचून तुम्हाला आपला तांबट ऐकू येतो का? यातलं निम्मंही नसेल तर जे पक्षी तुम्हाला माहीत नाहीत त्यांच्याबद्दल ते पुस्तक काय सांगणार?

तांबट ओळखीचा नसेल तर कोकीळ घ्या. नर काळा, मादी तपकिरी आणि ठिपकेदार. ओरडतो तो नर, अंडी कावळ्याच्या घरट्यात. पुष्कळ देखण्या पुस्तकांत नुसत्या नराचं चित्र देऊन मोकळे होतात. मग खिडकीत ठिपकेदार मादी येऊन बसली की वाचक पानंच्या पानं उलटत बसतो.

आणखी दोन गोष्टी तपासा. मागे सूची आहे का, आणि तीत मराठी नावाबरोबर शास्त्रीय नाव आहे का. मराठी नावं तालुक्यागणिक बदलतात, शास्त्रीय नाव असलं की दुसऱ्या पुस्तकाशी सांधा जुळतो. दुसरं, प्रत्येक जीवाला प्रदेशाचा नकाशा आहे का. नकाशा नसलेल्या पुस्तकामुळे नवखा माणूस येऊरमध्ये हिमालयातले पक्षी पाहून येतो.

अनुवाद घेत असाल तर आतल्या पानावर 'संक्षिप्त' किंवा 'रूपांतर' असं लिहिलंय का ते पाहा. जिम कॉर्बेटच्या पुस्तकांच्या मराठीत बऱ्याच आवृत्त्या फिरतात. मूळ पुस्तकाची अनुक्रमणिका मोबाइलवर काढा आणि प्रकरणं मोजा, लगेच समजतं.

ग्रंथालयात ही पुस्तकं लपलेली असतात

ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं. ठाण्यात राहून निसर्गपुस्तकांसाठी आधी खिसा सैल करायची गरज नाही. पण तिथे किंवा कुठल्याही मराठी ग्रंथालयात गेलात की 'निसर्ग' नावाचं कपाट शोधू नका. 'ऋतुचक्र' ललितमध्ये असतं, माडगूळकरांचं 'सत्तांतर' कादंबऱ्यांत, चितमपल्लींचं आत्मकथन चरित्रांत, गोनीदांचं 'दुर्गभ्रमणगाथा' बहुधा प्रवासवर्णनात. लेखकाच्या नावाने विचारा. विज्ञानाच्या कपाटात दशांश वर्गीकरणाचे आकडे असतील तर 598 ला पक्षी, 595.7 ला कीटक आणि 582.16 ला झाडं, हे लक्षात ठेवा. ग्रंथपालांनाही हे आकडे सांगितले की बरं वाटतं, असा अनुभव आहे.

इंग्रजी ओळखपुस्तकं हवी असतील तर फोर्टला हॉर्नबिल हाउसमध्ये जा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 सालापासूनची, तिची प्रकाशनं तिथे बघून, चाळून घेता येतात.

खाडीवर पुस्तक कसं न्यायचं

इथे जरा वेळ घेतो. ठाणे खाडी ही आपल्या दोन शहरांची सामाईक मालमत्ता आहे, आणि पुस्तक घेऊन जायला तिच्याइतकी चोख जागा दुसरी नाही. खाडीचा सोळाशे नव्वद हेक्टरचा पट्टा 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला.

आदल्या रात्री सगळं पुस्तक वाचू नका. तीन पानं वाचा: रोहित म्हणजे फ्लेमिंगोचं, बगळ्यांचं, आणि चिखलात चालणाऱ्या लहान पक्ष्यांच्या चित्रांचं एक. तिसऱ्या पानावरचे सगळे पक्षी सारखेच दिसतील. दिसू देत. त्यांच्या चोची बघून ठेवा, सरळ की वाकडी, वाकडी असेल तर वर की खाली. बाकीचं नंतर.

मग भरती-ओहोटी. खाडीवर जाऊन "काहीच नव्हतं" म्हणत परतणाऱ्यांतले बहुतेक जण वेळ चुकवतात. मोबाइलवर तक्ता मिळतो, पण कोळ्यांचा जुना हिशेब तोंडी करता येतो: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. शुद्ध असो की वद्य, गणित तेच. ठाण्याकडे खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडं उशिरा चढतं, तेवढं धरून चाला. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे घरात 'कालनिर्णय' टांगलेलं असेल तर खाडीचं वेळापत्रकही भिंतीवरच आहे.

पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी आत सरकतात, नेरुळच्या बाजूच्या पाणथळ जागांकडे. पूर्ण ओहोटीला चिखल इतका लांबवर उघडा पडतो की रोहित म्हणजे क्षितिजावरची गुलाबी रेघ. काठावरून बघायचं असेल तर भरती उलटून दोन-तीन तास झाल्यावर जा. पाणी मागे हटत असतं, जवळचा चिखल नुकता उघडलेला असतो आणि पक्षी पाण्याच्या कडेने चरत असतात. ऐरोलीच्या केंद्रातून बोट सुटते तिची वेळही भरतीवरच ठरते. आधी चौकशी करून जा, हिवाळा-उन्हाळ्यातल्या रविवारी गर्दी असते.

आता पुस्तक उघडा. रोहित दोन जातींचे. आपल्या खाडीत बहुसंख्य लहान रोहित, त्यांची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. मोठा रोहित उंच, फिकट, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. करड्या-मातकट रंगाचे काही दिसले तर वेगळी जात समजू नका, ती पिल्लं आहेत, गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षं लागतात. हा रंग खाण्यातून येतो, शेवाळात आणि बारीक जीवांत असलेल्या रंगद्रव्यातून. डोकं उलटं करून चोच पाण्यात बुडवायची आणि गाळून घ्यायचं, अशी त्यांची जेवायची तऱ्हा. लहान रोहिताचा भर मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर. आणि इथेच पुस्तक आणि जागा यांची पहिली झटापट होते. खाडीत शेवाळ माजायला आपल्या दोन्ही शहरांचं सांडपाणी हातभार लावतं, असं अभ्यासक मानतात. या गुलाबी देखाव्यात आपल्या गटाराचाही वाटा असेल, तर त्याचं काय करायचं? 'सायलेंट स्प्रिंग' हातात घ्यायची हीच वेळ. कार्सन यांचा मुद्दा होता तो पाण्यात, मातीत सोडलेली विषारी रसायनं अन्नसाखळीतून वर चढत जातात, हा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या सावलीत बसून तो वाचला की अमेरिकेतली गोष्ट राहत नाही.

पक्षी दिसले नाहीत तरी फेरी फुकट जात नाही. ऐरोलीच्या केंद्रात तिवराचं पान उलटून बघा. उन्हात खालच्या बाजूला मिठाचे बारीक कण चमकतात. पान जिभेला लावा, खारट लागतं. तिवर पानावाटे मीठ बाहेर टाकतो, हे पुस्तकातलं वाक्य त्यानंतर विसरायला होत नाही. खाली चिखलातून पेन्सिली रोवल्यासारख्या वर आलेल्या त्याच्या श्वासमुळ्या. त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत असतात, माशाची जात पण चिखलावर सरपटणारी. एकच नांगी अवाढव्य असलेला लहान खेकडा दिसला तर तो नर. राज्याचा कांदळवन-वृक्ष म्हणून 2020 मध्ये निवडलेली पांढरी चिप्पी कुठली, ते तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. पुस्तकातल्या चित्रावरून चिप्पी आणि तिवर वेगळे काढणं नवख्याला जमत नाही, झाडाखाली उभं राहून पाच मिनिटांत जमतं.

चिखलात उतरू नका. पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि चप्पल खाडीला अर्पण होते.

येऊरला जाताना कॉर्बेट घरी ठेवा

जिम कॉर्बेट वाचायला घेतला की सुटत नाही, आणि वाचला की येऊरच्या प्रत्येक झुडपामागे बिबट्या दिसायला लागतो. म्हणून त्याला वाचायची पद्धत ठरवून घ्या. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' 1944 सालचं. सुरुवातीचं लेखकाचं मनोगत गाळून थेट शिकारीवर उडी मारू नका, कारण महत्त्वाचं तिथेच आहे. वाघ नरभक्षक होतो तो बहुतेक वेळा जखमेमुळे आणि क्वचित म्हातारपणामुळे, असं कॉर्बेट सांगतो. बिबट्याचं कारण तो वेगळं देतो: साथीच्या रोगात उघड्यावर टाकलेली प्रेतं. रुद्रप्रयागच्या बिबट्याच्या नावावर सरकारी हिशेबाने सव्वाशे माणसं होती, आणि ती मालिका 1918 च्या साथीच्या पाठोपाठ सुरू झाली. ती परिस्थिती आणि आजचं ठाणे यांची सांगड घालता येत नाही.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटर, भोवती शहर. इथल्या बिबट्यांच्या खाण्यात हरणांबरोबर भटकी कुत्रीही मोठ्या प्रमाणात आहेत. 2004 च्या सुमारास उद्यानाच्या कडेने माणसांवरचे हल्ले वाढले होते. बाहेर पकडलेले बिबटे आणून इथे सोडणं हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं गेलं. म्हणजे कॉर्बेट वाचून घ्यायचा धडा असा की हल्ला झाला तर आधी कारण शोधायचं. येऊरच्या पाड्यांवर राहणारे लोक रोज त्याच वाटेने जातात-येतात, ते काय काळजी घेतात ते विचारा: अंधारात एकटं न जाणं, लहान मुलांना पुढे न धाडणं, कचरा न टाकणं म्हणजे कुत्री जमत नाहीत.

येऊरमध्ये सोबत न्यायचं पुस्तक 'सत्तांतर'. माडगूळकरांची ही छोटी कादंबरी 1982 साली आली, पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विषय वानरांच्या टोळीतला सत्तेचा झगडा. वानर म्हणजे काळतोंडे, लांब शेपटीचे. येऊरमध्ये माकडंही आहेत, तेव्हा आधी गल्लत दूर करा. मग वानरांची टोळी दिसली की दहा मिनिटं उभे राहा आणि इतकंच शोधा: मोठा नर कुठे बसलाय, पिल्लं कोणाकडे आहेत, कोण कोणाच्या उवा काढतंय. टोळीवर नवा नर आला की तो आधीच्या नराची पिल्लं मारू शकतो, हे वानरांबद्दल नोंदलं गेलेलं वास्तव आहे. ते ठाऊक असलं की कादंबरीतला ताण कळतो आणि समोरच्या आयांनी पिल्लं का कवटाळली आहेत तेही कळतं. मध्येच टोळी घशातून खाकरल्यासारखं ओरडू लागली तर मागे फिरा, त्यांना बहुधा बिबट्या दिसलेला असतो. खायला काहीही देऊ नका.

ठाणे स्टेशनवरून टीएमटीची बस येऊरला जाते. वनखात्याच्या फाटकावर नाव नोंदवा, कुठपर्यंत परवानगी आहे ते विचारा आणि तेवढ्यातच फिरा. साप दिसला तर पुस्तक काढून ओळखत बसू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावं पाठ असलेल्या माणसाचाही घोणस आणि अजगरात घोटाळा होतो. लांब व्हा. चावलाच तर बांधाबांध, कापाकापी न करता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

पुस्तक घेऊन बाजारात

रानभाज्यांची पुस्तकं हल्ली बरीच निघतात. ती स्वयंपाकघरात ठेवली तर कुचकामी. पहिल्या सरींच्या आसपास ती जांभळी नाक्याच्या बाजारात न्या. पाड्यांवरून आलेल्या बायका कडेला बसलेल्या असतात, पुढ्यात पळसाच्या पानांवर वाटे. शेवळं, मग टाकळा, कोरला, फोडशी, भारंगी, असा क्रम. पुस्तकातलं चित्र बहुधा वाढलेल्या, फुललेल्या झाडाचं असतं आणि टोपलीत कोवळा कोंब, त्यामुळे दोन्ही शेजारी धरून बघावं लागतं.

शेवळं घेतली की विचारा, "मावशी, खाजणार नाही ना?" उत्तर हमखास येतं: "काकडं टाक संगती, नायतर घसा धरंल." काकड म्हणजे काकडी नव्हे, रानातलं छोटं आंबट फळ, शेवळाच्या वाट्याबरोबरच विकायला असतं. शेवळाचा खाजरेपणा आंबटाने मरतो, म्हणून काकड नाही तर चिंच किंवा आंबोशी. ही ओळ तुमच्या पुस्तकात आहे का बघा. नसेल तर पुस्तक लिहिणारा बाजारात बसलेला नाही. आणि एक नियम पक्का ठेवा: चित्र बघून स्वतः तोडून आणलेली भाजी खायची नाही. पुस्तक बाजारासाठी आहे, रानात तोडायला जाण्यासाठी नाही.

महिन्याला एक प्रकरण

'ऋतुचक्र' 1956 सालचं. एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख. हे पुस्तक दोन दिवसांत संपवलं तर वर्णनांचा नुसता ढीग होतो. चैत्राचा लेख चैत्रात, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाचा. मग महिनाभर बघत राहा. दुर्गाबाईंना दिसलेलं सगळं तुमच्या रस्त्यावर दिसणार नाही. पण तांबूस कोवळी पालवी फुटलेला पिंपळ आणि उन्हाळ्यात झुंबरं सोडलेला बहावा ठाण्या-वाशीच्या रस्त्यांवर अजून आहे. 'वृक्षगान' याच्या जोडीला ठेवा. डहाणूकर पेशाने डॉक्टर होत्या, त्यामुळे झाडाच्या रूपाबरोबर त्याचा औषधी उपयोगही त्यांच्या लेखणीत येतो.

वर्षाचा माझा ढोबळ क्रम सांगतो. पावसाळ्यात झाडं, वेली आणि रानभाज्या. श्रावण उलटल्यापासून दिवाळीपर्यंत फुलपाखरं, तेव्हा ओवळेकर वाडी, आणि तिथे नीलवंत म्हणजे ब्लू मॉरमॉन शोधायचंच. 2015 पासून ते राज्याचं फुलपाखरू आहे, काळ्या मखमलीवर निळी झाक, चुकायचं नाही. दिवाळीनंतर पाहुणे पक्षी आणि खाडी. फाल्गुनापासून फुललेली झाडं, पळस-पांगारा. कारवीला यात जागा नाही. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलली की कळतंच, कारण अख्खं ठाणे येऊरच्या वाटेवर येतं.

जुनं पुस्तक हाती आलं तर

जुन्या पुस्तकांची गोडी मोठी, पण ती साल बघून वाचायची. 1972 च्या वन्यजीव कायद्याआधीच्या पुस्तकांत शिकारीचं कौतुक असतं, त्याने बिथरू नका आणि भारावूनही जाऊ नका. गिधाडं मेलेल्या गुरांवर झुंडीने उतरतात, असं वाचाल. तेव्हा ते खरं होतं. 1990 च्या दशकात गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे गिधाडं कोसळली. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. उलट ठाणे खाडीतल्या रोहितांच्या प्रचंड थव्यांचा जुन्या पुस्तकांत पत्ता नसतो, कारण ते थवे यायला लागले तेच 1990 च्या दशकात.

शास्त्रीय नावंही बदलतात. लहान रोहित एका पुस्तकात फिनिकॉप्टेरस मायनर आणि दुसऱ्यात फिनिकोनायस मायनर असेल, पक्षी एकच. आणि 1970 आधीच्या पुस्तकात नवी मुंबई सापडणार नाही. सिडको त्या साली आली. त्याआधी तिथे गावं, भातशेती आणि मिठागरं.

वही, आणि पुस्तकाचा समास

वहीत थोडंच लिहा, पण जागेवरच लिहा: तारीख, तिथी, भरती की ओहोटी, जागा, काय दिसलं. आकार मोजपट्टीने न लिहिता चिमणी, साळुंकी, कावळा, घार यांच्या तुलनेत लिहा. चोच, पाय, शेपटी कशी हलते, एवढं टिपून झाल्यावरच पुस्तक उघडा. आधी पुस्तक उघडलं की डोळ्यांना तेच दिसतं जे पानावर आहे. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन अ‍ॅप वापरायला हरकत नाही, आपला अंदाज लिहून झाल्यावर. पक्षी जवळ यावा म्हणून त्याच्याच आवाजाची रेकॉर्डिंग वाजवू नका, विणीच्या दिवसांत तर मुळीच नाही.

घरी आलात की स्वतःच्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने महिना आणि जागा टाका. 'ऐरोली, माघ.' ग्रंथालयाच्या प्रतीत हा उद्योग करू नका. अशा नोंदी साठत गेल्या की कुठला पाहुणा आपल्याकडे कधी येतो ते तुमच्या प्रतीत तुमच्याच हाताने लिहिलेलं असतं. दुर्बीण घ्यायची तर 8×40 किंवा 8×42. दहा पटीची पहिल्या दिवशी भारी वाटते, दुसऱ्या दिवशी हात थरथरतो.

मुलांना पुस्तक वाचून दाखवायचं असेल तर जागेवर बसून एक परिच्छेद, त्याहून जास्त नाही. पुढचं ती स्वतः मागतात किंवा मागत नाहीत.

पुस्तकं वाचवणं

आपल्याकडच्या दमट हवेत पुस्तकाला बुरशी आणि कसर लागायला एक पावसाळा पुरतो. ओळखपुस्तक बाहेर नेताना झिपच्या पिशवीत घाला, आणि परतल्यावर त्या पिशवीतून बाहेर काढा. ओलं पान आतच राहिलं तर गुळगुळीत कागदाची चित्रं एकमेकांना चिकटतात आणि सुटताना रंग घेऊन सुटतात. पान भिजलंच तर दोन पानांमध्ये कोरा टिपकागद घालून पंख्याखाली उघडं ठेवा, इस्त्री फिरवू नका. पुस्तकं भिंतीला चिकटवून लावू नका, मागे चार बोटं हवा खेळू द्या. कपाटात वेखंडाच्या कांड्या किंवा वाळलेला कडुनिंब ठेवतात तो उपाय अजूनही चालतो, फक्त दर दोन-तीन महिन्यांनी बदलायला हवा. डांबरगोळ्या घातल्यात तर त्या कागदाला टेकणार नाहीत अशा ठेवा. आणि ऑक्टोबर हीटला शिव्या देऊन झाल्या की सगळी पुस्तकं एक दिवस गॅलरीत सावलीला, उघडी करून मांडा. थेट उन्हात ठेवलीत तर चित्रांचे रंग उडतात, आणि मग तांबटाचं तांबडं कपाळ पुढच्या वर्षी शेंदरी दिसायला लागतं.